डेलफीन, पान सहा

जेवणाचं टेबल पुसून घेतलं,
आणि सात वर्षांचे कागद पसरले त्यावर.
एरो बर्फ हटवायच्या गाडीवर, पहाटेशिवाय येत नाही.
सरोवर खिडकीतून दिसत नाही या वेळी,
नुसतं ऐकू येतं, गोठता गोठता कण्हणारं.

मंगळवारी साडेआठला मीटिंग.
मागच्या वर्षी मी पिशवी घेऊन गेले होते,
किराणा दुकानाची, कागदी, बर्फानं तळ भिजलेली.
पलीकडे सहाजण, सहाजणांपुढे एकसारख्या फायली,
आणि मी शोधत राहिले कानाच्या डॉक्टरांचं पत्र
मिसेस पेलकी हळूच ‘असू दे, पुढे जाऊ’ म्हणेपर्यंत.
ते पुढे गेले.
पत्र नंतर गाडीत सापडलं, सीटखाली,
ओरिनच्या एका मोज्याबरोबर.

म्हणून यंदा ही जाड फाइल, तीन कड्यांची,
आणि भोकं पाडायचं यंत्र, शेजारच्या व्हर्नाकडून उसनं.
निळ्या पट्टीमागे तपासण्या,
पिवळ्यामागे शाळेची पत्रं,
हिरव्यामागे मी पाठवलेली, उत्तर न आलेली.
हिरवं सगळ्यात जाड झालंय.

व्हर्नानं दोन मुलं या कागदांतून पार नेली.
म्हणते, तोंडी काही धरून चालू नकोस.
फोन ठेवलास की लिही, तारीख घाल.
चांगली माणसंसुद्धा विसरतात, चांगली तर जास्तच.
आणि नवं वर, जुनं खाली.

म्हणून मी खाली खाली जातेय
आणि ओरिन लहान लहान होतोय.
चौथी: वाचन पहिलीच्या पातळीचं.
तिसरी: दहापैकी आठ वेळा नजरेला नजर देईल, सांगितल्यावर.
दुसरी: घंटा वाजली की टेबलाखाली.
त्याखाली एरोची सही, पेन असं रुतवलेलं
की मागच्या बाजूनं बोटाला लागते.
अगदी तळाशी बालवाडीतली एक चिठ्ठी, हातानं लिहिलेली:
‘आज ओरिननं माझ्या बुटाची नाडी सोडली आणि पळाला.
खूप हसलो दोघं.’
ही कुठल्या रंगामागे लावतात?

तिसरीच्या अहवालाशी परत आले, भोकं पाडायला.
पान सहा.
शेवटच्या पानावर माझीच सही आहे, दोन वर्षांपूर्वीची.
आणि आज दिसतंय:
‘डेलफीनला जिना उतरताना कठडा लागतो.
मोठ्या आवाजाला ती घाबरत नाही.’

ती.
माझा ओरिन दोन दोन पायऱ्या गाळत उतरतो,
शेवटच्या तीन तर उडीच.

आधी राग आला. कागद ओढला, तारीख घातली,
‘पान सहा माझ्या मुलाचं नाही’ लिहून
हिरव्यामागे लावायला उचललं.
मग हात थांबला.

कारण मग ओरिनचं पान सहा कुठंय?
असेल या तालुक्यातच, दुसऱ्या कुणाच्या टेबलावर,
कुणी आई, नाही तर मावशी, नाही तर रात्रपाळीचा बाप
बोट फिरवत असेल: ‘घंटा वाजली की तो टेबलाखाली जातो.’
दचकले असतील ते?
की दिवसभर उभं राहून आल्यावर
माझ्यासारखीच सही केली असेल,
त्यात काय, कागदी घोडे,
पोरगी तर समोर झोपलीय, धडधाकट नावाची?

आणि ती डेलफीन,
दोन वर्षं कुठल्या जिन्यानं उतरतेय?
कठडा लागतो, हे ज्या पानावर लिहिलंय
ते पान माझ्या घरात,
मिठाच्या डबीशेजारी.

दोन वाजता ओरिन उठून आला, धप्प, शेवटच्या तीन एकदम.
काही बोलला नाही.
टेबलाखाली शिरला
आणि भोकांतून पडलेल्या पांढऱ्या टिकल्या
माझ्या पावलावर एकेक चिकटवत बसला.
मी पाय हलवला नाही.

पान सहाला भोकं पाडली नाहीत.
एका लिफाफ्यात घातलं, वर तिचं नाव लिहिलं.
आडनाव मला माहीत नाही.
मंगळवारी सहाजण फायली उघडतील
तेव्हा मी आधी हा लिफाफा सरकवणार आहे,
आणि मिसेस पेलकी पुढे जाऊ म्हणाल्या
तर या वेळी
नाही म्हणणार आहे.